दिवेलागणीच्या आत परत

साल १९३८. बीडच्या माळीवेशीत तुम्ही उभे आहात. पहाटेचे पाच वाजलेत आणि गेवराईला एक निरोप पोचवून तुम्हाला आजच घरी यायचं आहे.

कसं जाणार? गेवराई इथून अकरा-बारा कोस, म्हणजे पस्तीसेक किलोमीटर. पायी निघालात तर दुपार टळून जाईल तेव्हा पोचाल, म्हणजे मुक्काम तिथंच. बैलगाडी तुमच्याहून सावकाश. निजाम सरकारच्या रेल्वे खात्यानं १९३२ पासून रस्त्यावर मोटारी चालवायला सुरुवात केली आहे, पण त्यांच्या भरवशावर एका दिवसाचं जाणं-येणं ठरवणारा माणूस या वेशीत कुणी दिसत नाही. आगगाडी परळीला आहे, जालन्याला आहे. बीडला नाही.

तेवढ्यात मागून घंटी वाजते. कचेरीतले पेशकार येतात. डोक्यावर टोपी, पायजम्याची मोहरी चेनमध्ये अडकू नये म्हणून घोट्याशी लावलेला चिमटा. खाली काळी कुळकुळीत सायकल. मागून पोरांची रांग धावतेय आणि ओट्यावरची म्हातारी माणसं मान वळवून बघतायत. ही सायकल विलायतेत बनली, बोटीनं मुंबईला उतरली, रेल्वेनं जालन्यापर्यंत आली, निजामाच्या हद्दीत शिरताना तिच्यावर करोडगिरीचा कर बसला, आणि तिथून पुढं ती बैलगाडीत पडून बीडला आली. इथं आल्यावर तिनं बैलांना मागं टाकलं.

पेशकार ओळखीचे निघतात. "घेऊन जा मास्तर, पण उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहू नका," म्हणतात आणि सायकल तुमच्या हातात देतात.

वजन हाताला जाणवतं. वीस किलोच्या आसपास असेल. चाकं अठ्ठावीस इंची, सीटखाली जाडजूड स्प्रिंगा, हँडलपासून चाकापर्यंत वायरीऐवजी लोखंडी सळया. ब्रेक दाबला की सळई वर ओढली जाते आणि रबराचा ठोकळा रिमला खालून घासतो. पावसात रिम ओली झाली की हा ब्रेक नुसता घसरतो. गिअर एकच. समोर रॉकेलचा दिवा. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलवर एक पाय ठेवा, दुसऱ्या पायानं जमीन रेटत चार पावलं जा आणि उडी मारून सीटवर बसा. त्या काळी असंच चढतात.

रस्ता मुरमाचा. धुळीत चाक रुततं, बैलगाडीच्या चाकोरीत गेलं की हँडल ऐकत नाही. तरी तीन तासांत तुम्ही गेवराईच्या वेशीत. निरोप दिला, ताक प्यालात, परत फिरलात. दुपारी दोनला माळीवेशीत. अजून आख्खी संध्याकाळ हातात शिल्लक आहे, आणि अशी शिल्लक संध्याकाळ तुमच्या आज्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

इथं थोडा हिशेब करू, कारण पुढचा सगळा प्रवास या हिशेबावर आहे. चालणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो. काम उरकून दिवेलागणीच्या आत परतायचं, तर पंधरा किलोमीटरच्या पलीकडं त्याला जाता येत नाही. सायकल, तेही वाईट रस्त्यावर, तासाला बारा-पंधरा किलोमीटर जाते. अंतर तिप्पट झालं. पण माणूस एकाच दिशेला जात नाही. त्याच्या गावाभोवती चारी बाजूंना बाजार, शाळा, दवाखाने, सोयरे पसरलेले असतात. त्रिज्या तिप्पट झाली की वर्तुळ नऊपट होतं. जो मजूर काल दोन आठवडी बाजारांतून निवड करत होता, त्याच्या आवाक्यात आता पंधरा-वीस बाजार येतात. माझ्या मते सायकलची सुधारणा मोजायची खरी पट्टी हीच: हे वर्तुळ कुणाला मिळालं आणि कधी मिळालं.

यंत्र म्हणून पाहिलं तर सायकल बीडला येण्याआधीच बरीचशी घडून झाली होती. १८८५ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं दोन सारख्या चाकांची, चेननं मागचं चाक फिरवणारी रोव्हर सायकल बाजारात आणली. त्याआधीच्या उंच चाकाच्या सायकलीवरून पडलं की माणूस तोंडावरच आपटायचा. १८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा टायर काढला आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. त्यानंतरची मांडणी आजतागायत तीच आहे. पण १९३८ च्या बीडमध्ये या मांडणीवर पेशकार, वकील, डॉक्टर आणि एखादा आडत्या, एवढेच बसलेत. मजूर तिच्याकडं लांबून बघतो. बाई तर बघतही नाही.

पायडल मारा. १७ सप्टेंबर १९४८ मागं पडला, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला. १९५६ ला मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. याच वर्षांत सायकल देशी झाली. मुंबईत हिंद सायकल युद्धाच्या तोंडावरच सुरू झाली होती. १९४९ मध्ये मद्रासला हर्क्युलिस बनवणारी कंपनी उभी राहिली, १९५१ ला सोनीपतला अ‍ॅटलस, १९५२ ला आसनसोलला सेन-रॅले, १९५६ ला लुधियानात हिरो. बोटीचा खर्च गेला, करोडगिरीही गेली.

१९६५ मध्ये तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि धोंडीपुऱ्यातल्या सायकलच्या दुकानापुढं उभे आहात. दुकानात भाड्याच्या सायकली ओळीनं लावल्यात, प्रत्येकीच्या मडगार्डवर ऑइलपेंटनं नंबर. तासाचे चार आणे. दुकानदार वहीत वेळ टिपतो आणि विचारतो, "कुणाचं रे पोरा तू?" बापाचं नाव सांगितलं की अनामत लागत नाही.

सायकल तुमच्यापेक्षा उंच. सीटवर बसायचा प्रश्नच नाही. पहिला तास नुसती ढकलण्यात जातो. दुसऱ्या खेपेला डाव्या पायडलवर एक पाय ठेवून लंगडी. मग दांडीच्या खालून उजवा पाय पलीकडं घालायचा, अंग वाकडं करायचं आणि हाफ पायडल मारत सुटायचं. पायडल पूर्ण फिरत नाही, अर्ध्यातून मागं घ्यावं लागतं, चेन कटकट वाजते. मोठा भाऊ कॅरिअर धरून धावतोय असं तुम्हाला वाटतं. त्यानं केव्हाच सोडलेलं आहे. पुढच्या वळणावर तुम्ही पडता, गुडघा सोलतो, हँडल वाकडं होतं. चाक दोन मांड्यांत दाबून हँडल सरळ करायचं, रक्त मातीनं पुसायचं आणि तासाच्या आत सायकल जमा करायची. दांडीवरून टांग टाकता यायला आणखी एक-दोन वर्षं जातील. मराठवाड्यातली एक आख्खी पिढी अशी शिकली. त्या पिढीतली मुलं शिकली, म्हणायला हवं. त्यांच्या बहिणी त्या वेळी विहिरीवर होत्या.

१९७२. उतरा. इथं बसून जाता येणार नाही, सायकल हातात धरून चाला.

पाऊस नाही. सलग वाईट वर्षांतलं हे सगळ्यांत वाईट. विहिरींचे तळ दिसतायत, गुरं कवडीमोलानं चाललीत. राज्यभर दुष्काळी कामं निघालीत. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर असतील. इथं बालाघाटाच्या पायथ्याशी बाया खडी फोडतायत, मांडीवरचं पोर बाजूला पोत्यावर निजवलेलं. मस्टरवाला कारकून सायकलवरून येतो, हजेरी घेतो, पुढच्या कामावर निघतो. तुमच्या कॅरिअरला रेशनच्या लाल मिलोचं पोतं बांधलेलं आहे आणि तालुक्याहून गावापर्यंत तुम्ही ते ओढत नेताय. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नाही, तरी पोत्याची वाट सगळी आळी बघतेय.

आजूबाजूला नीट बघा. ही खडी ज्या रस्त्यासाठी फुटतेय, त्याच रस्त्यावरून पुढची तीस वर्षं सायकली धावणार आहेत. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना तालुक्याशी जोडणारा पहिला पक्का रस्ता दुष्काळी कामांतून, पुढं रोजगार हमीतून झाला. ज्या बायकांनी तो फोडला आणि अंथरला, त्यांच्यापैकी फार थोड्या त्यावरून कधी सायकलनं गेल्या. ही गोष्ट मला अजून सलते.

आता १९८५. सायकलच्या भरतीचा काळ. लग्नात घड्याळ, रेडिओ आणि सायकल मागितली जाते, न मिळाल्यास जावई रुसतो. मुलीच्या बापाच्या पाठीवर त्याचं कर्ज बसतं आणि त्यावर चढून जावई फिरतो, हेही याच यंत्राच्या इतिहासात लिहून ठेवायला हवं. पोस्टमन सायकलवर, दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून सायकलवर. पाव-बटर विकणारा रबरी भोंगा वाजवत येतो. धार लावणारा सायकल स्टँडवर उभी करतो, पायडल मारतो आणि मागच्या चाकावरच्या पट्ट्यानं सहाणेचा दगड फिरवतो. कात्री, विळा, अडकित्ता, सगळं. खेड्यातली पोरं एसटी स्टँडजवळच्या सायकल स्टँडवर सायकल लावून बिल्ला खिशात घालतात आणि कॉलेजला जातात. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की ट्रकच्या टपावर, बाजा-भांड्यांच्या ढिगावर एखादी सायकल उताणी बांधलेली दिसते. कारखान्यावर राहायच्या कोपीपासून दुकान लांब असतं, आजारी लेकराला दवाखान्यात न्यायचं असतं.

थोडं थांबून मिस्तरीच्या दुकानात बसा. मला हा माणूस जिल्ह्यातल्या कुठल्याही कारागिराइतका मोठा वाटतो. चाक "आउट" झालंय असं तुम्ही म्हणता. तो सायकल उताणी ठेवतो, चाक फिरवतो आणि रिमजवळ खडूचा तुकडा धरतो. जिथं खडू लागला तिथं चाक त्या बाजूला झुकलंय. मग निपलच्या चावीनं पलीकडची तार पाव फेरा आवळ, इकडची तेवढीच ढिली कर. पुन्हा फिरव. खडू कुठंच लागेनासा होईपर्यंत. पंक्चर काढताना ट्यूबमध्ये हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवतो, बुडबुडा येतो तिथं खूण करतो, कानशीनं घासतो, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत गप्पा मारतो आणि मग ठिगळ दाबतो. नवखा इथंच थांबतो. जाणता मिस्तरी टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा शोधतो. तो राहिला तर तुम्ही गावाबाहेर पडायच्या आत पुन्हा पंक्चर. वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग: छर्रे रॉकेलात धुवायचे, ग्रीस भरायचं, कोन असा आवळायचा की चाक हलता कामा नये आणि अडकताही कामा नये. ही सगळी विद्या पाहून-पाहून शिकलेली.

याच वर्षी हिरो होंडाची मोटारसायकल बाजारात आली. एक लिटर पेट्रोलमध्ये ती लांबवर जाते. पुढच्या वीस वर्षांत शिकलेला मुलगा, गुत्तेदार, मास्तर, मग शेतकरी, एकेक जण तिच्यावर चढत जातो. सायकल गोठ्यात जाते. त्यात चूक काही नाही. पन्नास किलोमीटरवर काम असलेल्या माणसाला सायकलीचा उपदेश करण्यात अर्थ नसतो. भाड्याच्या सायकलींची दुकानं मिटली. अ‍ॅटलससारख्या नावाजलेल्या कंपनीचा शेवटचा कारखाना २०२० च्या ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. शहरातल्या लोकांनी ठरवून टाकलं की सायकल संपली.

ती संपली नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये या. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येतंय, सगळ्या देशातले कॅमेरे तिथं आहेत. इकडं बीड जिल्ह्यात पाण्याची रेल्वे नाही, टँकर आहे, आणि टँकर जिथं रिता होतो तिथून घरापर्यंत सायकल आहे. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोरानं बांधलेले कॅन, एखादा दांडीवर, एखादी घागर हँडलला. पंधरा लिटरचे चार कॅन म्हणजे साठ किलो. कुणी वर बसत नाही, पोरं आणि म्हातारे ती ढकलत नेतात. डोक्यावर दोन हंडे घेऊन बाई ज्या अंतरावर तीन खेपा करते, तिथं सायकल एका खेपेत तेवढं पाणी आणते. गोठ्यातून बाहेर काढलेल्या त्या जुन्या काळ्या सायकलींनी त्या उन्हाळ्यात किती घरं तगवली, याची नोंद कुठल्याही टंचाई आराखड्यात सापडणार नाही.

आणि आता तुम्ही आठवीतली मुलगी आहात.

गावात सातवीपर्यंत शाळा. पुढची शाळा पाच-सहा किलोमीटरवर, फाट्याच्या पलीकडं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची गोष्ट तुम्हाला सरांनी सांगितली आहे. गावाला वाहन नव्हतं म्हणून तो पोरवयात घर ते शाळा सहा किलोमीटर चालत-पळत जायचा आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं. जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्याच सहा किलोमीटरनी किती मुलींची शाळा गिळली, त्यांचा सत्कार कुणी करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर ५ तरुणींपैकी २ हून अधिक जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, घरात आजी, शाळा लांब, रस्ता निर्जन. "कामून धाडता वो पोरीला एवढ्या लांब?" असं भावकीतलं कुणीतरी म्हणतं आणि त्या दिवाळीत स्थळ येतं.

तुमच्या दारात मात्र सायकल येते. दांडी खाली वाकलेली, समोर जाळीची टोपली. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. काही ठिकाणी जिल्हा परिषदा आपल्या निधीतून देतात. तुम्ही ती अंगणात शिकता. लंगडी नाही, हाफ पायडल नाही, सरळ सीटवर. सकाळी आळीतल्या चौघी एकत्र निघता. चौघी असल्या की निर्जन रस्ता निर्जन राहत नाही. चालत सव्वा तास लागायचा, आता पंचवीस मिनिटं. आजीच्या भाकरी करून झाल्यावरही वेळेवर घंटेला पोचता.

बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींचा पट ३२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. वाढ सगळ्यांत जास्त कुठं? जिथं शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथं. १९३८ साली पेशकारांना मिळालेलं ते नऊपट वर्तुळ मुलीच्या हाती यायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. सायकलीतली सगळ्यांत मोठी सुधारणा मी हीच मानतो.

यंत्रही सुधारलंय, यात शंका नाही. आज दुकानात गेलात तर सळयांच्या जागी वायर, वायरीच्या जागी डिस्क ब्रेक. पावसातही चाक जागेवर थांबतं. रिम अ‍ॅल्युमिनियमची, दिवा एलईडीचा. पूर्वीचा डायनॅमो चढावर वेग मंदावला की विझायचा, नेमका गरज असताना. गिअरची सायकल घ्या आणि पालीवरून मांजरसुंब्याच्या घाटाला लागा: जिथं तुमचे वडील उतरून सायकल ढकलायचे, तिथं तुम्ही हलक्या गिअरवर बसून चढता. २५० वॅटच्या आतली मोटर असलेली, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी विजेची सायकल आली आहे. तिला ना परवाना लागतो, ना नोंदणी. गुडघे दुखणाऱ्या साठीच्या शेतकऱ्याला ती पुन्हा बाजार दाखवू शकते.

मग अडलंय कुठं? घाटाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला उभे राहा. रस्ता चौपदरी, गुळगुळीत, इतका चांगला रस्ता या जिल्ह्यानं पूर्वी पाहिला नव्हता. ट्रक वाऱ्यासारखे जातात. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय. आणि त्या सगळ्याच्या डाव्या कडेला, डांबर संपून खड्डा सुरू होतो त्या वीतभर जागेत, गणवेशातल्या चौघी. गाव ते फाटा या आतल्या रस्त्यावर त्या ऐटीत येतात. फाटा ते शाळा हा शेवटचा किलोमीटर जीव मुठीत धरून. १९३८ च्या सायकलीचे ब्रेक वाईट होते, पण तिला चिरडणारं रस्त्यावर काही नव्हतं. आजच्या सायकलीचे ब्रेक उत्तम आहेत आणि तिला रस्त्यावर जागा नाही.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड ते अहिल्यानगर पहिली रेल्वे सुरू झाली. १९९५ च्या सुमाराला मंजूर झालेला हा मार्ग, तीस वर्षं वाट पाहून. बीडपासून परळीपर्यंतचं काम अजून पुढं चालू आहे. लोकांनी फुलं उधळली, माणसं रडली, ते योग्यच होतं. आता स्थानकापर्यंत, शाळेपर्यंत, बाजारापर्यंतच्या शेवटच्या चार-पाच किलोमीटरचा विचार करायला हवा, आणि त्यासाठी तीस वर्षं लागायचं कारण नाही. त्याला फार पैसाही लागत नाही.

प्रत्येक ग्रामपंचायतीला वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि गावाचा विकास आराखडा तिथंच ठरतो. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत जा. गावापासून शाळेपर्यंत रस्त्याच्या कडेला मुरूम दाबून केलेली सहा फुटी पट्टी, फाट्यावर गतिरोधक आणि एक दिवा, एवढा ठराव मांडा. आठवीतल्या मुलींना सोबत न्या, कुठं भीती वाटते ते त्यांनाच सांगू द्या. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला की नाही ते तिथंच वाचून बघा, त्याची प्रत मागून घ्या आणि फाट्यापुढचा रस्ता ज्या खात्याचा आहे त्यांच्याकडं ती लेखी पाठवा.